सारवणावरची रेघ

कोपरेवहिनी कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडं नाही, कोपऱ्याकडं बघायच्या. चहा पुढं आला तरी नजर आपली दाराच्या मागं, नाहीतर पाट्या-वरवंट्याच्या आड. ज्या घरचा कोपरा त्यांना पटला नाही, त्या घराबद्दल त्या वाईट शब्द काढायच्या नाहीत, पण पुन्हा त्या घरी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मधली जागा काय, येता-जाता पायानंच झाडली जाते. बाई कशी हाय ते कोपरा सांगतो." मला असा राग आला म्हणून सांगू. ही कोण मोठी तपासनीस लागून गेली, असं मनात आलं. पण त्या गेल्याबरोबर मी केरसुणी घेतली आणि दाराच्या मागचा कोपरा काढला. मूठभर कचरा निघाला. तोही माझा नव्हता, आधीच्या भाडेकरणीचा होता.

त्यांचं खरं आडनाव वेगळं. कोपरेवहिनी हे आमच्या बोळानं ठेवलेलं नाव, आणि ते त्यांना ठाऊक होतं. कुणी चुकून तोंडावर म्हणालंच तर त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "काही वाईट न्हाई की. धुळीपेक्षा कोपरा बरा."

गावठाणात नदीकडं उतरणारा एक बोळ होता. त्यात घरमालकीण भागाआत्यांच्या तीन खोल्या, त्यांच्या घरासमोर, एका ओळीत होत्या. पहिलीत आत्यांचं जळण आणि गाडीचं सामान, मधली आमची, टोकाची वहिनींची. मातीच्या भिंती, वर कौलं, खाली शेणानं सारवलेली जमीन. आमचे हे खडकीला कारखान्यात होते, सकाळच्या गाडीनं जायचे. वहिनींचे यजमान गवंडी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मूळचे सोलापूरकडचे, पण जिथं बांधकाम निघेल तिथं बिऱ्हाड, असं त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या वर्षांत पिंपरीला माळावर औषधांचा कारखाना उभा राहत होता. तिथल्या भिंतींवर मिस्त्रींचा हात होता. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मिस्त्री बायकोची थट्टा करायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणायचे, "कोपरा गुण्यात बसवायचा माझ्याकडं, झाडायचा हिच्याकडं. देवानं जोडा बघूनच लावलाय." गुण्या म्हणजे काटकोन बघायचं गवंड्याचं हत्यार. त्यांच्या पिशवीत तो कायम असायचा. स्वतःचं घर बांधायचं, चारी कोपरे गुण्यात बसवायचे, असं ते नेहमी बोलायचे. जागा कुठं घ्यायची, हे मात्र दर वेळी बदलायचं. कधी सोलापूर, कधी देहूरोड, कधी इथंच नदीच्या वरच्या अंगाला. वहिनी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बांधा की. तवर हे झाडू द्या."

भाड्याच्या घराबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं. ते त्यांनी मला चुना चाळता चाळता सांगितलं. "कुसुम, भाड्याचं घर म्हणजे दुसऱ्याचं लेकरू कडेवर घेतल्यागत असतं. परत देताना नाक पुसून द्यायचं." आणि त्या तसं द्यायच्या. किती खोल्या सोडल्या असतील त्यांनी, पण एकही खोली मिळाली तशी परत केली नाही. भिंतींना चुना काढायचा, खुंट्या पुसायच्या, चूल नवी लिंपायची. घर सोडायच्या आदल्या दिवशी सामान अंगणात काढायचं आणि जमीन सारवायची. लांबच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून मागं मागं सरकत दारापर्यंत यायचं. रात्री ओट्यावर पडायचं. सकाळी सारवण वाळलं की चुलीपुढं आणि उंबऱ्याच्या आत रांगोळीची एकेक रेघ ओढायची. चुलीवर वाटीत मीठ, बाजूला पाण्याचं भरलेलं मडकं. मग निघायचं. पुढच्या बाईला आल्या आल्या चूल पेटवता यावी, पाणी शोधत फिरावं लागू नये, एवढाच त्यातला हिशेब.

निघायच्या दिवशी मात्र केरसुणीला हात लावायचा नाही. हे तर आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे. माणूस घराबाहेर पडल्या पडल्या केर काढत नाहीत. तसा केर मढं उचलल्यावर काढतात. आणि सारवून रेघ न ओढता जमीन तशीच ठेवायची, तीही मयताच्या घरची रीत. वहिनी त्याबाबतीत फार कडक होत्या. एकदा मी घाईत सारवून पाण्याला निघाले होते, तर त्यांनी घागर माझ्या कमरेवरून उतरवून घेतली. "आधी रेघ ओढ. घरातली माणसं जिती हायत," म्हणाल्या. मी ओढली, आणि तेव्हापासून कधी चुकले नाही.

आता भागाआत्यांबद्दल सांगायला हवं. आत्या म्हणजे जुन्या घरची बाई, आवाज पहाडी, बोलणं काठीसारखं. भाडेकरूंशी गोड बोललं की ते डोक्यावर बसतात, असा त्यांचा पक्का समज. पण वहिनींच्या खोलीत त्या अधूनमधून जाऊन बसायच्या. निमित्त काहीही असो, बसायच्या त्या चुलीजवळ, आणि भिंतींकडं बघत म्हणायच्या, "मिस्त्रीनबाई, ह्यी खोली आमचीच हाय का?" यापेक्षा जास्त कौतुक त्यांच्या तोंडून मी कुणाचं ऐकलं नाही.

मिस्त्रींना खोकला सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, चुन्याची धूळ बसली असेल. गवंडी खोकायचेच. गूळ खा, हळद घ्या, असं चाललं. मग अंगात रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, गळ्याची हाडं दिसू लागली आणि एक दिवस त्यांनी रुमाल लपवला. वहिनींनी तो शोधून काढला. कोपऱ्यातलं काही त्यांच्यापासून लपायचं नाही. औंधाकडं क्षयाचा दवाखाना होता, तिथं त्यांना ठेवून घेतलं. निघताना मिस्त्री उंबऱ्यात थांबले, आपल्या टेकायच्या भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, "पोपडा धरतोय तिथं. आलो की बघतो."

त्या दिवसापासून आत्यांनी टोकाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दुरूनच बोलायच्या, तेही तोंडाला पदर लावून. त्यांची पाठची बहीण ह्याच दुखण्यानं त्यांच्या मांडीवर गेली होती. पुढं वर्षभरात तिची पोरगीही गेली. हे बोळात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी त्यांना नावं ठेवली नाहीत. मी मात्र ठेवली. मला दिवस गेले होते, तरी मला वहिनींची भीती वाटत नव्हती. आत्यांच्या पदराचा मात्र संताप यायचा.

नवरात्र संपलं आणि आत्यांनी सांगून टाकलं. अंगणात उभ्या राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मिस्त्रीनबाई, दिवाळीच्या आत खोली मोकळी करा. माझ्या घरात लहान पोरं हायती. ह्या पोरीलाबी दिस गेल्यात. माझ्याच्यानं झोप घेववत न्हाई."

वहिनींनी नाही म्हटलं नाही. "करते," म्हणाल्या. "दवाखान्याजवळ एकानं पडवी द्यायची कबूल केलीय. मला तिकडंच बरं. रोज डबा नेता येईल."

"आन तुमी गेल्या गेल्या मी खोली धुऊन सारवून घेनार."

तेव्हा वहिनी पहिल्यांदा पुढं झाल्या. "आत्या, ते करू नका. मी करते ना सगळं. तुम्ही म्हणाल तसं करते. भिंत खरवडते, जमीन उकरते. पण मी गेल्या गेल्या सारवू नका. दिवेलागण होऊ द्या, एक रात्र जाऊ द्या. आमचे हे जिते हायत."

आत्या तिथूनच माघारी वळल्या. त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

मग वहिनींनी ती खोली साफ करायला घेतली. तसं काम मी आजवर पाहिलेलं नाही. मिस्त्रींचं अंथरूण नदीकाठी नेऊन जाळलं. ते जिथं टेकून बसायचे तिथली भिंत विळ्यानं माती लागेपर्यंत खरवडली, नवा गिलावा केला, त्यावर चुन्याचा हात दिला, वाळल्यावर पुन्हा दिला. मिस्त्रींनी सांगितलेला पोपडा त्यातच गेला. अंथरुणाखालची जमीन कुदळीनं उकरली, ती माती पाट्या भरभरून लांब खड्ड्यात टाकली, नवी माती आणि मुरूम आणला आणि धुम्मस घेऊन चोपत बसल्या. कडुनिंबाचा धूर केला. भांडी उकळली. मी मदतीला जायची तर हात आडवा करायच्या. "उंबऱ्याच्या आत यायचं न्हाई. बाहेरनं पाणी दे, तेवढं बास." मी बाहेरून पाणी द्यायची आणि त्यांच्या पाठीकडं बघायची. दुपारी डबा घेऊन दवाखाना, आल्यावर पुन्हा खोली. बाई नुसती वाळून चालली होती.

एकदा मी म्हणाले, "वहिनी, कशाला एवढं? त्यांनी हाकललं ना तुम्हाला?"

त्या धुम्मस टेकवून थांबल्या. "हाकललं न्हाई. भ्याल्या त्या. आणि पुढची बाई येईल तिला काय सांगणार बोळ? ह्या खोलीत मिस्त्री खोकला, असं सांगणार. मला ते नको. मिस्त्रीनं इथं चांगली दोन वर्सं काढली, तेवढं राहू दे."

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. सामान अंगणात काढलेलं होतं. आत्यांनी स्वतःची बैलगाडी द्यायचं कबूल केलं होतं, अर्थात तोंड वाकडं करूनच. सकाळी वहिनी सारवायला बसल्या. लांबच्या कोपऱ्यापासून मागं सरकत निम्म्यावर आल्या असतील, तेवढ्यात दवाखान्यातला माणूस सायकलवरून आला. मिस्त्रींना पहाटे रक्ताची उलटी झाली, लगेच चला, म्हणाला.

वहिनींचा हात क्षणभर थांबला. मग त्या पुन्हा सारवू लागल्या. "वहिनी, राहू द्या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. अर्धं सारवण टाकून उठत नाहीत. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या, शेवटचा हात फिरवला, मडक्यातल्या पाण्यानं हात धुतले, डब्याची पिशवी घेतली आणि चालू लागल्या. मी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेले. गाडी आली, त्या चढल्या, गाडी गेली. मी घरी परत आले तेव्हा टोकाच्या खोलीला बाहेरून कडी होती. मी स्वयंपाकाला लागले, पण भाकरी थापता थापता रडू येत होतं.

दिवस कलला. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, आत्या गोठ्यापाशी होत्या. बोळाच्या तोंडाशी कोण येतंय म्हणून बघितलं तर वहिनी. डोक्यावरचा पदर सुटलेला, पायात वहाणा नाहीत, जवळजवळ पळतच येत होत्या. मी तांदूळ बाजूला सारून उठले. आत्याही दावं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. दोघींच्याही मनात एकच आलं.

वहिनी येऊन अंगणात थांबल्या. दम लागला होता. "हायत," म्हणाल्या. "रक्त थांबलं. डोळे उघडले त्यांनी. मला बघून विचारलं, घर सारवून दिलंस का? मी हो म्हटलं. आणि मग माझ्या ध्यानात आलं, आत्या. मी रेघ ओढली न्हाई. सारवण तसंच उघडं टाकून आले. जित्या माणसाच्या नावानं मी माझ्या हातानं मयताचं सारवण केलं." त्यांनी आत्यांपुढं पदर पसरला. "मला चिमूटभर रांगोळी द्या. माझं डबडं सामानात खाली गेलंय. रेघ ओढते आणि जाते. शेवटची गाडी हाय अजून."

आत्यांनी दावं खुंटीला अडकवलं. "वढलीय," त्या म्हणाल्या.

वहिनींना कळलंच नाही. "कुणी?"

"कुनी म्हंजी? घर कुनाचं हाय?"

आत्यांनी जाऊन कडी काढली. मीही मागून गेले. आत चुलीपुढं एक रेघ होती, उंबऱ्याच्या आत दुसरी. आत्यांना रांगोळीचा हात कधीच नव्हता. शेतातल्या बांधाएवढी जाड आणि वाकडीतिकडी रेघ होती, आणि ती रांगोळीची नव्हतीच, चुन्याच्या पुडीची होती. चुलीवर वाटीत मीठ होतं. मडकं भरलेलं होतं. खोलीच्या पार आतल्या कोपऱ्यात दिवा लावलेला होता. ओल्या सारवणावर दारापासून कोपऱ्यापर्यंत आत्यांची मोठाली पावलं उमटली होती. ज्या खोलीकडं इतके दिवस त्यांनी पदर लावल्याशिवाय बघितलं नव्हतं, तिच्यात त्या चुलीपर्यंत आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या होत्या. मला त्यांच्या पदराचा आलेला सगळा संताप त्या पावलांपाशी निवला.

वहिनी उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि रडू लागल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आत्या त्यांच्या डोक्याशी उभ्या होत्या. "रड आता," त्या म्हणाल्या, "पन उंबऱ्यात बसून न्हाई. आत यिऊन रड." आणि त्यांनी वहिनींचा दंड धरून त्यांना चुलीजवळ नेऊन बसवलं.

त्या रात्री वहिनी आगगाडीनं गेल्याच नाहीत. आत्यांनी बैल जुंपायला लावले, सामान भरलं, आणि स्वतः गाडीत बसून त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून आल्या. परत आल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, डोळे तांबारलेले. "हाय," एवढंच म्हणाल्या.

दिवाळी झाली, माघ आला. त्या दिवसांत पिंपरी-चिंचवडला खोलीसाठी माणसं दारोदार फिरत होती. कुणी खानदेशातून आलेलं, कुणी कोकणातून. आत्यांकडंही यायची. टोकाच्या खोलीला कुलूप बघून विचारायची. आत्या म्हणायच्या, "दिलीया ती." बोळात म्हणायचे, खोकल्याची खोली कोण घेतंय, म्हातारी उगाच झाकतेय. मी एकदा विचारलं, "आत्या, खोली कुणाला दिलीय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वेडीच आहे. "बरा हून आला तर कुठं जाईल त्यो?" म्हणाल्या. रेघ पुसट झाली की त्या कुलूप काढायच्या, आत जायच्या, पुन्हा ओढायच्या. हळूहळू रेघ जरा सरळ येऊ लागली.

पुढं आम्हीही तिथून निघालो, मग आणखी घरं झाली, आता फरशीचं घर आहे. सारवायचं काही उरलं नाही. तरी घर सोडताना मी आधी कोपरे काढते, खुंट्या पुसते, ओट्यावर मिठाची वाटी ठेवते. सुना हसतात, हसू देत. सामानाची गाडी निघाल्यावर केरसुणीला हात लावू देत नाही. नव्या घरात शिरले की आधी कोपऱ्याकडं बघते, आणि मग मला त्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या दिसतात. पुन्हा मात्र त्या मला कधी भेटल्या नाहीत. भाऊ येऊन त्यांना सोलापूरकडं घेऊन गेला, एवढंच कळलं. आपलं म्हणून एक घर त्यांना झाडायला मिळालं का, ते कळलं नाही. मिळायला हवं होतं.

मिस्त्रींची बातमी आली ती त्या माघानंतर, शिमग्याच्या आधी. आमचे हे रविवारी मिस्त्रींना बघायला जायचे. त्या रविवारी ते दुपारीच परत आले, चपला न काढता ओट्यावर बसले आणि आत्यांना म्हणाले, "गेले मिस्त्री." आत्या ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. गोठ्यातून शेण आणलं, बादलीभर पाणी घेतलं आणि टोकाच्या खोलीचं कुलूप काढलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, हात धुतले आणि दार उघडंच ठेवून घरात निघून गेल्या.

मी तान्ह्या पोराला छातीशी धरून त्या दारात जाऊन उभी राहिले. चुलीवरची मिठाची वाटी काढलेली होती. लांबच्या कोपऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत सगळी जमीन नीट सारवलेली होती, अजून ओली होती. घरचं माणूस गेल्यावर सारवतात तशी. आत्यांनी रेघ ओढली नव्हती.